खालच्या खणातला बर्फ

१३ ऑगस्ट १९७८, रविवार

ही डायरी मागच्या वर्षीची आहे. औषधविक्रेत्यांना वाटायला कंपनीने छापून घेतली होती. दोन गठ्ठे उरले, तेव्हा गेटवरचा माणूस म्हणाला, "घेऊन जा राव, उंदीर तरी खाणार नाहीत." फुकट ते पौष्टिक. छापलेले वार खोडून नवे टाकतो आहे.

लिहायला बसलो त्याचं कारण नीला. आज सकाळी भांडताना म्हणाली, "दादा, मागच्या रविवारी तू याच्या अगदी उलट बोलला होतास." मी म्हटलं, मी असं बोललोच नाही. ती म्हणाली, बोललास. आता लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी माझ्याकडे पुरावा असेल.

नीला माझी धाकटी बहीण, माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. आई-बाबा गेले तेव्हा ती सातवीत होती. शालनने, म्हणजे माझ्या बायकोने, तिच्या वेण्या घातल्या आणि मी तिच्या फिया भरल्या. एम.एस्सी. फिजिक्स पहिल्या वर्गात पास झाली. आमच्या पिंपरीच्या चाळीत एवढं कुणी शिकलेलं नाही. मी स्वतः नववीत शाळा सोडली आणि पुढे कंपनीत लागलो. आता ती विद्यापीठात पीएच.डी. करते आहे आणि तिचा विषय आहे मंगळाच्या ध्रुवांवरचा बर्फ आणि तिथल्या हवेतली वाफ. चाळीत कुणी विचारलं की शालन सांगते, "हवामानाचं शिकते." तेवढं पुरतं.

भांडण नोकरीचं होतं. आमच्या कंपनीच्या तपासणी विभागात मोजमापाच्या यंत्रांवर एम.एस्सी. झालेल्या माणसाची जागा निघणार आहे, कायम. मी म्हटलं, मंगळावर बर्फ असला काय नि नसला काय, आपल्या नळाला पाणी सहालाच येणार. ती म्हणाली, "तुझ्यासारख्या माणसाने असं बोलावं? तुला अठरा वर्षं बर्फाचा पगार मिळतोय."

हे मात्र खरं आहे. चिंचवडला आमच्या कंपनीत इंजेक्शनचं औषध पाण्यात विरघळवून काचेच्या कुप्यांत भरतात आणि गोठवतात. मग कुप्यांचे ट्रे लोखंडी चेंबरच्या खणांत रचायचे, आतली हवा ओढून काढायची आणि खणांना हळूहळू ऊब द्यायची. बर्फाचं पाणी होत नाही, त्याची थेट वाफ होते. ती वाफ मागच्या थंडगार कॉइलवर जाऊन पुन्हा बर्फ होऊन बसते. कुपीत कोरडी पूड राहते. त्या चेंबरचा ऑपरेटर मी. आत किती वाफ आहे ते गेजवर दिसतं. दर अर्ध्या तासाला ते आकडे लिहायचे, एवढंच माझं शास्त्र.

२७ ऑगस्ट, रविवार

आज भांडण नाही, कारण दुपारी पाऊस होता आणि वीज गेली होती. नीलाने मला आणि शालनला मंगळ समजावून सांगितला. शालन तांदूळ निवडत होती, नीलाने तिच्या परातीतच ध्रुव मांडले.

तिथलं वर्ष आपल्या जवळजवळ दोन वर्षांएवढं. म्हणून हिवाळाही दुप्पट लांब. ध्रुवावर इतकी थंडी पडते की हवाच गोठून खाली पडते. म्हणजे कोरडा बर्फ, जो आम्ही औषधं बाहेरगावी पाठवताना पेटीत घालतो तोच. त्याच्यात थोडा पाण्याचा बर्फ मिसळलेला. उन्हाळा आला की कोरडा बर्फ कडेकडून उडत जातो आणि ध्रुवावरची पांढरी टोपी लहान होत जाते. तिथे हवा इतकी विरळ आहे की पाण्याच्या बर्फाचंही पाणी होत नाही, थेट वाफ होते. अमेरिकेची दोन यानं दोन वर्षांपासून वर घिरट्या घालत ही वाफ मोजत आहेत. सगळी वाफ खाली पाडली तर भर उन्हाळ्यात उत्तर ध्रुवापाशी एका केसाच्या जाडीएवढं पाणी होईल.

"एका केसासाठी एवढा खटाटोप?" शालन म्हणाली.

नीला म्हणाली, "वहिनी, त्या केसाचा हिशोब लागला तर तिथलं पाणी कुठून कुठे जातं ते कळेल."

नीला स्वतः यान पाठवत नाही की दुर्बीण लावत नाही. ती तो ध्रुव कागदावर तयार करते. ध्रुवाभोवती गोल पट्टे आखायचे. प्रत्येक पट्ट्यावर कधी किती ऊन, किती बर्फ उडाला, हवेत किती वाफ झाली, हे कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं. मग यानाने मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहायचं. दोन्ही जुळले तर आपला ध्रुव खरा.

समजलं मला. तिला तसं सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर बसेल.

१६ सप्टेंबर, शनिवार

जुळत नाही. नीला संध्याकाळी कागदांची भली मोठी गुंडाळी घेऊन आली आणि न जेवता बसून राहिली. तिच्या ध्रुवावर वसंत लागला रे लागला की हवेत वाफच वाफ. यान म्हणतं, वसंतात जवळजवळ काही नाही. वाफ येते ती उशिरा, भर उन्हाळ्यात, आणि तेव्हा एकदम येते. तिचा वसंतातला आकडा यानाच्या चौपट आहे. उन्हाचं गणित तिने तीनदा तपासलं. ते बरोबर आहे.

"कडेचा बर्फ तर उडालेला दिसतो दादा. फोटोत दिसतो. मग गेला कुठे?"

मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी काय मंगळावर कामाला होतो?

तिच्या सरांनी नोव्हेंबरअखेरची मुदत दिली आहे. तोवर जुळलं नाही तर विषय बदला म्हणाले. विषय बदलायचा म्हणजे दोन वर्षं पाण्यात, आणि शिष्यवृत्ती डिसेंबरात संपते. म्हणजे तिचं शिक्षण तिथेच संपलं. हे ऐकून वाईट वाटलं, आणि खरं लिहायचं तर आतून थोडं बरंही वाटलं. सोमवारी अण्णासाहेबांना भेटतो. ते आमचे मुख्य केमिस्ट. त्यांच्या शब्दावर ती जागा आहे.

१० ऑक्टोबर, मंगळवार

खंडेनवमी. दुसरी शिफ्ट. कंपनीत मशीनची पूजा होती. दोन दिवस काम थंडावणार म्हणून मागच्या आठवड्यात लागोपाठ दोन बॅच काढल्या आणि आज तिसरी लावली. ट्रे गोठवून झाले, आणि चार वाजता पूजेसाठी सगळे जमले.

पूजेच्या वेळी मी बाहेर उभा राहतो. बाबांनी छप्पन्न साली दीक्षा घेताना जी शपथ घेतली ती मीही पाळतो. कुणी काही म्हणत नाही. माझ्या जोडीचा दत्तोबा मोशीचा शेतकरी माणूस, तो दरवर्षी पेढा बाहेर आणून देतो. म्हणतो, "किसनराव, द्येव ऱ्हाऊ द्या, प्येढा तर खावा." पेढ्याला माझी हरकत नाही.

पूजा झाल्यावर आत जाऊन खणांची ऊब सुरू केली. चेंबरला झेंडूची माळ, हळदकुंकू, सगळं झगमगीत. उद्या दसऱ्याची सुट्टी. सकाळी आम्ही तिघं देहूरोडच्या विहारात जाणार.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

बॅच वाया गेली. अठरा वर्षांत माझ्या हातून पहिली.

आज दुपारी चेंबर उघडलं. वरचे तीन खण खडखडीत कोरडे. खालच्या तीन खणांत कुप्यांच्या तोंडावर बोटभर हिम चढलेलं. म्हणजे मुळात जेवढा बर्फ होता त्याहून जास्त! दत्तोबाने हात लावून पाहिला आणि खालीच बसला.

शोधलं तेव्हा कळलं. वरच्या तीन खणांना गरम तेलाची एक नळी जाते, खालच्या तिघांना दुसरी. खालच्या नळीचा व्हॉल्व्ह बंद होता, आणि त्याच्या चाकावर झेंडूचा हार.

"नळी गरम असती न्हवं," दत्तोबा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "हार करपंल म्हून घटकाभर बंद केला व्हता. पूजा झाली की खोलायचा व्हता. ध्यानातनंच ग्येलं बगा."

मी आत असतो तर त्याला व्हॉल्व्ह बंद करताना पाहिलं असतं. नंतर ऊब सुरू करताना तरी हाराखाली बघायला हवं होतं. कुणाच्या हाराला हात कशाला लावा, म्हणून मी नजर फिरवली होती.

रात्रपाळीच्या माणसाचीही चूक नाही. त्याने लॉगशीटवर लिहिलं आहे: "गेजवर वाफ दिसत नाही. सुकणे अजून सुरू नाही असे वाटते. थांबावे." गेज गप्प, म्हणजे आत काही चाललेलं नाही, असं कुणीही धरलं असतं. आत तर वरचा बर्फ सगळा उठला होता. आधीच्या दोन बॅचनंतर मागची कॉइल वितळवून घेतलीच नव्हती, ती बर्फाने लडबडलेली, तिने आणखी घेतला नाही. खालचे खण गार पडलेले. वरून उठलेली वाफ तिथेच जाऊन बसली.

१४ ऑक्टोबर, शनिवार

मेमो मिळाला. अण्णासाहेबांनी विचारलं, "व्हॉल्व्ह बंद कुणी केला?" मी म्हटलं, "शिफ्ट माझी, ऊब मी सुरू केली. तपासायचं काम माझं." दत्तोबाच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. मेमो मला परवडतो, त्याला परवडणार नाही.

दोन आठवड्यांत लेखी खुलासा द्यायचा आहे. साहेब चिडलेले नव्हते. जाताना म्हणाले, "तुम्ही आणून दिलेला बहिणीचा अर्ज पाहिला ओव्हाळ. मुलगी हुशार दिसते."

२२ ऑक्टोबर, रविवार

नीलाचं पुन्हा जुळलं नाही. या वेळी तिने जमिनीखालची ऊब बदलून पाहिली. आकडा चौपटीचा साडेतीनपट झाला. सकाळी चहा पिताना एकदम म्हणाली, "दादा, तुझ्या अण्णासाहेबांना सांग, मी येते."

मी कप खाली ठेवला. शालनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नीट विचार केलास?" ती म्हणाली, "तूच तर दोन महिने मागे लागला होतास." आवाजात राग नव्हता. तिने रागावायला हवं होतं.

मी खूश आहे. पांढरा कोट घालून नीला ओव्हाळ कंपनीच्या गेटातून आत जाईल आणि ज्या शिपायाने साठ साली मला उन्हात उभं करून ठेवलं होतं तो तिला सलाम करेल. तो निवृत्त झाला आहे, पण तरी.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आज एक गोष्ट घडली ती नीट लिहितो.

माझा खुलासा मी मराठीत लिहून दिला होता. टाइप होऊन आज सहीला आला. कॅन्टीनमध्ये बसून वाचला. त्यात माझंच वाक्य होतं: "वरच्या खणातील बर्फ निघून गेला, परंतु गेजवर आला नाही, कारण तो शेजारील अधिक थंड खणात जाऊन बसला."

वाचलं, सही केली. पेन खिशात ठेवताना हात थांबला.

मग गेला कुठे, असं नीला विचारत होती. कडेचा बर्फ उडालेला दिसतो, हवेत तर नाही, मग गेला कुठे?

शेजारी.

वसंतात कडेवर ऊन पडतं, कडेचा बर्फ उठतो. पण लगेच पलीकडे अजून कोरड्या बर्फाचा गारठा पसरलेला आहे. वाफ तिथे जाऊन बसते. यानाला ती दिसणार कशी? उद्या ऊन थोडं पुढे सरकतं, ती पुन्हा उठते, पुन्हा पुढच्या गारठ्यावर बसते. असं करत करत सगळं पाणी ध्रुवाकडे रेटलं जातं. शेवटी कोरडा बर्फ संपला की बसायला जागाच उरत नाही, तेव्हा सगळी वाफ एकदम वर येते. भर उन्हाळ्यात. नीलाने आपले पट्टे एकेकटे धरले होते. एका पट्ट्याचा बर्फ त्याच पट्ट्याच्या हवेत. शेजाऱ्याकडे जायची वाटच तिने ठेवली नव्हती.

चहाचा ग्लास तसाच राहिला.  एवढा आनंद मला कधी झाला आठवत नाही. पळत घरी जावंसं वाटलं.

घरी आलो. नीला शिलाई मशीनपाशी उभी राहून कोटाचं माप देत होती. शालन टाचण्या लावत होती. मी म्हटलं, "छान दिसेल."

२९ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं नाही.

सकाळी ती केस पुसत दारात उभी होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहा घेतेस?"

माझं म्हणणं चुकीचंही असेल. नववी शिकलेल्या माणसाला सुचलं आणि एवढ्या मोठ्या सरांना सुचलं नाही, असं कसं? मी सांगायचं, तिने नोकरी सोडायची, आणि पुन्हा जुळलं नाही तर? तेव्हा पाप कुणाच्या माथी?

२ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीची सुट्टी. नीलासाठी चपला आणल्या, ऑफिसला शोभतील अशा. तिला रेडिओ हवा होता, मी बातम्या अर्ध्यात बंद करून दिला. जेवताना ती म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे. खरं तर जास्त होतं, पण मी म्हटलं, हो, कमीच आहे.

नीलाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "दादा, तुला बरं नाही का?"

मी चोरी केलेली नाही. मला एक गोष्ट सुचली आणि मी गप्प बसलो. गप्प बसणं हा गुन्हा असता तर निम्मी कंपनी आत असती.

६ नोव्हेंबर, सोमवार

नीलाने होकाराचं पत्र दिलं. अण्णासाहेबांनी चहा मागवला. एक डिसेंबरला हजर व्हायचं. बाहेर आलो तेव्हा दत्तोबा म्हणाला, "लेकीवानी बहीण तुमची, आता डोळ्यांम्होरं ऱ्हाईल."

तेच. मला तेच हवं आहे, हे त्याने बोलून दाखवलं तेव्हा मला कळलं. ती पास झाली तर जाईल. मुंबई, अहमदाबाद, कदाचित जिथून ती यानं सोडली तिथेही. मग वर्षातून दोन पत्रं आणि शालन ती दहादा वाचणार. मी तिच्या भल्यासाठी गप्प आहे असं आठ दिवस स्वतःला सांगतो आहे. हे खोटं आहे. लाज वाटते, पण लिहून ठेवतो.

८ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं.

पहिली शिफ्ट करून रेशनच्या दुकानात गेलो. शालनने यादी लिहून दिली होती. रांगेत उभा राहून ती काढली तर तो कागद नव्हता, कॉम्प्युटरला गणित घालायचं पुठ्ठ्याचं कार्ड होतं, भोकं पाडलेलं. पाठीवर शालनच्या अक्षरात साखर, रॉकेल, गहू. दुकानदाराने ते उजेडाला धरलं. "ही भोकं कसली ओ?"

 ती भोकं म्हणजे मंगळाचा ध्रुव आहे असं मी कसं सांगणार? मी म्हटलं, "बहिणीच्या अभ्यासाची." तो म्हणाला, "मग यादी कशाला लिहिली त्याच्यावर?"

गहू न घेताच घरी आलो. शालन म्हणाली, नीलाने काल गठ्ठा बंबात घालायला दिला होता. शालनने तो जाळला नाही, यादीला पाठकोरी कार्डं बरी म्हणून ठेवून दिला. म्हणाली, "तुम्ही दोघं मला काही सांगत नाही, पण काहीतरी कुजतंय घरात, मला वास येतो."

नीला पाच वाजता आली. मी तिला बसवलं आणि परात मागितली. तांदळाचा ढीग केला, कडेकडून बोटाने दाणे उचलून शेजारी ठेवत गेलो, आणि चेंबरचं सगळं सांगितलं. हार, व्हॉल्व्ह, गप्प बसलेलं गेज, खालच्या खणातलं हिम. म्हटलं, "तुझे पट्टे एकमेकांशी बोलत नाहीत. बोलू दे त्यांना."

ती परातीकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, आकडे म्हणत असावी. मग मान वर करून म्हणाली, "कधी कळलं तुला हे?"

"अठ्ठावीस तारखेला."

तिने बोटांवर दिवस मोजले. अकरा. मग उठली, शालनकडून गठ्ठा घेतला, आणि शेजारच्या खोलीत जाऊन दार लावलं.

शालनने परात उचलली. पाठ फिरवून तांदूळ निवडायला बसली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर, रविवार

नीला बोलत नाही. लागेल तेवढंच बोलते, "पाणी", "दार लाव". सकाळी साडेसहाच्या बसने विद्यापीठात जाते. गठ्ठ्यातली काही कार्डं तेलकट झाली होती, ती पुन्हा पाडली म्हणे. हे मला शालनकडून कळलं. साखर-रॉकेलवालं कार्ड मी खिशातून काढून तिच्या उशाशी ठेवलं. सकाळी ते तिथे नव्हतं.

१८ नोव्हेंबर, शनिवार

चार वाजता आली. गुंडाळी जमिनीवर पसरली, इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत, आणि म्हणाली, "ये."

मी गुडघ्यावर बसलो. वसंतभर वाफ जवळजवळ नाही. मग उशिरा चढते आणि भर उन्हाळ्यात, जिथे यान म्हणतं तिथेच, माथा गाठते. वसंतातला आकडा अजून यानाच्या दीडपट आहे. आधी चौपट होता.

"दीडपट का?" मी विचारलं.

"ते शोधायला अजून वर्ष लागेल." एवढं बोलून ती हसली, आणि मग तिला आठवलं की ती माझ्याशी बोलत नाही. तिने गुंडाळी आवरली. पण माझ्या हातातलं टोक तिने मला सोडायला लावलं नाही. दोघांनी मिळून गुंडाळलं.

२० नोव्हेंबर, सोमवार

आज रजा टाकली. नीला म्हणाली, सरांनी बोलावलं आहे, तुलाही. मी म्हटलं, मला कशाला? ती म्हणाली, "गोष्ट तुझी आहे, तूच सांग. तुझं श्रेय मी खाणार नाही."

लग्नातला शर्ट घातला. सरांची खोली पुस्तकांनी भरलेली. मला वाटलं होतं म्हातारे असतील, ते माझ्याच वयाचे निघाले. मला खुर्ची दिली. मी फळ्यावर सहा खण काढले आणि सांगितलं. मध्ये एकदा खडू तुटला. ते फक्त एवढंच विचारत होते, "कॉइल किती उणे होती? खालचे खण किती?" तिथे मी अडखळलो नाही. ते आकडे मला झोपेतही येतील.

सगळं ऐकून ते फळ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "आम्ही ध्रुव एवढा मोठा पाहिला की शेजार पाहिलाच नाही. ओव्हाळ, हे तुमच्या लक्षात आलं कधी?"

 मी खरं सांगणार होतो. नऊ दिवस, तिचा होकार अण्णासाहेबांच्या टेबलावर जाईपर्यंत, वाट पाहिली आणि नंतरही दोन दिवस, हे सांगणार होतो.

"आठ तारखेला, सर," नीला म्हणाली. "कळलं त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्याने."

सरांनी वहीत लिहून घेतलं. मुदत जूनपर्यंत वाढवली, शिष्यवृत्तीसाठी स्वतः पत्र लिहितो म्हणाले. मी खाली बघत होतो. नव्या चपलांत तिचे पाय अगदी स्थिर होते.

तिथून चिंचवडला येऊन अण्णासाहेबांना नकाराचं पत्र दिलं. नीला येते म्हणत होती, मी तिला गेटबाहेर उभं केलं. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "मी तुमच्यासाठी शब्द टाकला होता ओव्हाळ. पुन्हा कुणासाठी माझ्याकडे येऊ नका." मी म्हटलं, बरोबर आहे साहेब. मान खाली घालून बाहेर आलो. तिथे मला कुणी सांभाळून घेणारं नव्हतं आणि ते योग्यच होतं.

बसमध्ये जागा मिळाली. तिकिटं काढली. मग मी म्हटलं, "सरांना खोटं का सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तू कधी सांगणारच नव्हतास का दादा?"

"दोनदा तसं ठरवलं होतं, सांगायचंच नाही."

"मला माहीत होतं काहीतरी आहे. अकरा दिवस तू माझ्याशी एकदाही भांडला नाहीस. खारट भाजीला मी मुद्दाम अळणी म्हटलं, तर तूही हो म्हणालास. मला वाटलं, तुला मोठा आजार झालाय आणि तू लपवतोयस." तिचा आवाज फाटला. "रोज विहिरीत ढकलल्यासारखं वाटायचं मला. हे सगळं सरांना सांगत बसू? त्यापेक्षा एक तारीख बदलणं सोपं होतं."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने काढून घेतला, मग पुन्हा ठेवू दिला.

पिंपरीच्या अलीकडे मी उठलो. ती म्हणाली, "पुढच्या स्टॉपला, तिथून जवळ पडतं." मी म्हटलं, "अठरा वर्षं मी इथेच उतरतोय." ती म्हणाली, "अठरा वर्षं चुकतोयस." मी म्हटलं, "तू मला पिंपरी शिकवू नकोस." ती म्हणाली, "मग तू मला काहीच शिकवू नकोस, बस खाली!" सगळी बस बघायला लागली. कंडक्टर दोरीला हात लावून उभा होता. म्हणाला, "आधी तुमचं ठरवा ताई, मग घंटी मारतो."

ठरलं नाही. दोन स्टॉप पुढे जाऊन उतरलो आणि भांडत भांडत चालत मागे आलो.